हाय-डेफिनिशन डिस्क, त्यांवरील कुलुपे आणि दोन फॉरमॅटची लढाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या हाय-डेफिनिशन चित्रपटांच्या दोन प्रतिस्पर्धी डिस्क आणि त्यांवरील प्रत-संरक्षण यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. त्यांतील निम्मे तरी तक्रारीच्या सुरातच येतात: डिस्क अस्सल, प्लेअर चांगला, टीव्ही नवा, आणि तरीही पडदा काळा. या डिस्कवरील चित्र दिसण्यासाठी डिस्क, प्लेअर, केबल आणि पडदा या चौघांची संमती लागते, आणि त्यांपैकी कोण अडून बसला आहे हे पडद्यावर क्वचितच स्पष्ट लिहून येते. पुढील उत्तरांचा बराचसा भाग तो अडेलतट्टू कोण, हे शोधण्यातच गेला आहे.

१. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोन्ही निळ्या लेसरवर चालायच्या, मग एकीच्या प्लेअरमध्ये दुसरी का चालत नसे?

दोन्हींचा लेसर ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा होता, आणि खरे सांगायचे तर तो निळ्यापेक्षा जांभळ्याकडेच अधिक झुकतो. फरक होता तो भिंगात आणि माहितीचा थर किती खोल आहे यात. एचडी डीव्हीडीने जुन्या डीव्हीडीचीच रचना ठेवली होती, म्हणजे माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत होता. ब्लू-रेने तो थर अवघ्या ०.१ मिलिमीटर खोलीवर आणला. थर इतका जवळ आल्यामुळे अधिक तीव्र भिंग वापरता आले (प्रकाश एकवटण्याच्या क्षमतेचे माप, म्हणजे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, ०.८५, तर एचडी डीव्हीडीचे ०.६५), लेसरचा ठिपका लहान झाला आणि एका थरावर १५ ऐवजी २५ जीबी माहिती मावू लागली. दोन थरांच्या डिस्कवर हेच आकडे अनुक्रमे ३० आणि ५० जीबी होतात.

या क्षमतेची किंमत ब्लू-रेला मोजावी लागली. एचडी डीव्हीडी बनवण्यासाठी डीव्हीडीच्या कारखान्यातील यंत्रे थोड्याफार फेरफारांनी वापरता येत, ब्लू-रेसाठी मात्र नवी यंत्रसामग्री लागली. शिवाय माहिती पृष्ठभागाच्या इतकी जवळ असल्यामुळे लहानसा ओरखडाही घातक ठरला असता, म्हणून सुरुवातीच्या आराखड्यात डिस्क बंद डबीत ठेवण्याची कल्पना होती. कठीण लेपाचे तंत्र हाती आल्यावर ती डबी गेली. एलजी आणि सॅमसंग यांनी २००७ मध्ये दोन्ही प्रकार चालवणारे प्लेअर विक्रीस आणले होते. मात्र ते महाग होते आणि लढाई संपताच त्यांचे प्रयोजनही संपले.

२. दोन्हींपैकी चित्र कोणाचे चांगले होते?

रेझोल्यूशन दोन्हींचे सारखेच, १९२० × १०८०, आणि एमपीईजी-२, व्हीसी-१ व एच.२६४ ही चित्र संक्षेपित करण्याची तीनही तंत्रे दोन्हींना चालत. चित्रासाठी ब्लू-रे सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जाऊ शकत असे, तर एचडी डीव्हीडी सुमारे २९ मेगाबिटपर्यंत. कागदावर हा फरक मोठा दिसतो, परंतु पडद्यावर दिसणारा फरक बहुतेक वेळा मूळ फिल्मवरून चित्र किती काळजीपूर्वक उतरवले यावरच ठरत असे. पहिल्या काही महिन्यांतील ब्लू-रे डिस्क एकाच थराच्या आणि जुन्या एमपीईजी-२ तंत्राने भरलेल्या होत्या, आणि त्यांतील कित्येक एचडी डीव्हीडीपुढे फिक्या पडत. ही गोष्ट विजेत्यांच्या कथेत सहसा सांगितली जात नाही.

३. मग ब्लू-रे जिंकली कशामुळे? कुलूप जास्त मजबूत होते म्हणून का?

मुख्यतः नाही, पण थोडेसे होय.

तोशिबाचे एचडी डीव्हीडी प्लेअर २००६ च्या वसंतात आधी बाजारात आले, ब्लू-रे जूनमध्ये आली, आणि पहिले ब्लू-रे प्लेअर प्रतिस्पर्ध्याच्या मानाने बरेच महाग होते. सोनीने मात्र नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आणताना ब्लू-रे ड्राइव्ह प्रत्येक कन्सोलमध्ये बसवूनच दिला, त्यामुळे ज्यांनी खेळांसाठी यंत्र घेतले त्यांच्या घरी ब्लू-रे प्लेअर आपोआप पोहोचला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकला. जी वस्तू वेगळी विकत घ्यावी लागते ती थोडेच लोक घेतात.

यानंतरची लढाई स्टुडिओंची होती. सोनी, डिस्ने आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ब्लू-रेच्या बाजूला होते, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीच्या बाजूला, आणि वॉर्नर दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन यांनी केवळ एचडी डीव्हीडी काढण्याचे जाहीर केले, तेव्हा पारडे पुन्हा हलले. परंतु ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने ब्लू-रे निवडली आणि पुढचे सारे सहा-सात आठवड्यांत उरकले: फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट यांनी एकामागोमाग एचडी डीव्हीडीकडे पाठ फिरवली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हा फॉरमॅट सोडत असल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये तोशिबा स्वतःच ब्लू-रेच्या संघटनेत सामील झाली.

कुलपाचा भाग एवढाच की, एएसीएस ही कूटबद्ध करण्याची पद्धत (प्रश्न ४) दोन्हींवर होती, पण ब्लू-रेवर तिच्या जोडीला आणखी दोन संरक्षणे होती (प्रश्न ९ आणि १० पाहा), आणि फॉक्सने ब्लू-रेला पाठिंबा देताना त्यांतील एकाचा उल्लेख कारण म्हणून केला होता. स्टुडिओंना ओढून आणण्यापुरता त्या जादा कुलपांचा उपयोग झाला. डिस्कची प्रत थांबवण्यात त्यांचा उपयोग किती झाला, ही वेगळी गोष्ट आहे.

४. एएसीएस म्हणजे नेमके काय? सोप्या भाषेत सांगाल का?

एएसीएस ही डिस्कवरील चित्र आणि आवाज कूटबद्ध करण्याची पद्धत आहे. आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, पॅनासोनिक, सोनी, तोशिबा, डिस्ने आणि वॉर्नर ब्रदर्स या आठ कंपन्यांनी मिळून ती उभी केली. फॉरमॅटच्या लढाईत एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष कुलपाच्या बाबतीत एकाच टेबलाभोवती बसले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चित्रपट १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. तो उघडणारी किल्ली डिस्कवरच असते, पण तीही कुलूपबंद असते, आणि तिची किल्ली आणखी एका किल्लीत. प्लेअरमध्ये कारखान्यातच काही उपकरण-किल्ल्या भरलेल्या असतात. डिस्कवर ‘मीडिया की ब्लॉक’ नावाचा एक तक्ता असतो. प्लेअर आपल्या किल्ल्या त्या तक्त्याला लावून पाहतो आणि जुळल्यास माध्यम-किल्ली मिळवतो. ही माध्यम-किल्ली आणि डिस्कवरील एक गुप्त ओळखक्रमांक, ज्याला व्हॉल्यूम आयडी म्हणतात, यांच्या मिश्रणातून पुढची किल्ली निघते आणि अखेर तिनेच चित्रपट उघडतो. यांपैकी एकही दुवा निखळला तर डिस्क म्हणजे केवळ चकाकणारे प्लॅस्टिक.

५. डीव्हीडीचे कुलूप तर कधीच फुटले होते. त्यातून काही धडा घेतला की नाही?

घेतला, आणि एएसीएसची सारी रचना त्या धड्यावरच उभी आहे. डीव्हीडीवरील सीएसएस पद्धतीची किल्ली केवळ ४० बिटांची होती आणि प्लेअर-किल्ल्या प्रत्येक यंत्राला वेगळ्या नसून उत्पादकागणिक वाटलेल्या होत्या. १९९९ मध्ये एका सॉफ्टवेअर प्लेअरमध्ये नीट न लपवलेली किल्ली सापडली, तिच्या आधारे डीसीएसएस हा प्रोग्रॅम तयार झाला, आणि मग ४० बिट इतके थोडे होते की बाकीच्या किल्ल्याही गणिताने शोधून काढता आल्या. उघडी पडलेली किल्ली रद्द करावी, तर त्या उत्पादकाचे घरोघरी पोहोचलेले सगळे प्लेअर निकामी झाले असते, म्हणून रद्द करण्याची तरतूद कागदावरच राहिली.

या पद्धतीचे आणखी एक प्रकरण गाजले. डीसीएसएसशी नाव जोडले गेलेला नॉर्वेतील तरुण योन लेक योहानसन याच्यावर तेथे खटला भरण्यात आला आणि २००३ मध्ये अपिलातही तो निर्दोष सुटला.

एएसीएसमध्ये किल्ल्या यंत्रागणिक वेगळ्या देता येतात आणि पुढे निघणाऱ्या डिस्कवरील तक्ता बदलून एखाद्याच यंत्राला किंवा सॉफ्टवेअरला वगळता येते. कुलूप कधीच फुटणार नाही असे येथे गृहीत धरलेले नव्हते. ते फुटणारच, मग दुरुस्ती कशी करायची, असा विचार होता.

६. तरीही एएसीएस फुटलीच ना? ती कशी?

एएसीएसचे गणित आजवर कोणी फोडलेले नाही. गळती झाली ती संगणकावरील प्लेअर सॉफ्टवेअरमधून. डिस्क चालवताना किल्ल्या संगणकाच्या मेमरीत काही क्षण तरी उघड्या असाव्याच लागतात. डिसेंबर २००६ मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमरने त्या मेमरीतून एकेका चित्रपटाची किल्ली काढून एचडी डीव्हीडीची प्रत बनवण्याचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच महिन्यात ब्लू-रेचीही तीच गत झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये दुसऱ्या एकाने याहून मोलाची वस्तू शोधली: त्या वेळी बाजारात असलेल्या सर्व डिस्कच्या तक्त्याला लागू पडणारी एकच ‘प्रोसेसिंग की’.

ती किल्ली म्हणजे १६ बाइटचा एक आकडा होता. परवाना देणाऱ्या संस्थेने तो संकेतस्थळांवरून काढून टाकण्यासाठी नोटिसा धाडल्या, आणि त्याचा परिणाम अगदी उलटा झाला. १ मे २००७ रोजी डिग या संकेतस्थळाने त्या आकड्याच्या नोंदी काढायला सुरुवात करताच वापरणाऱ्यांनी तो इतक्या ठिकाणी पुन्हा पुन्हा टाकला की संकेतस्थळाला त्याच दिवशी माघार घ्यावी लागली. लोकांनी तो टी-शर्टवर छापला. एखादा आकडा कोणाच्या मालकीचा असू शकतो का, हा एरवी तत्त्वज्ञांनी चघळावा असा प्रश्न एका दिवसासाठी लोकांच्या जिव्हाळ्याचा झाला.

त्या किल्ल्या ज्या सॉफ्टवेअरमधून निघाल्या होत्या त्यांचा अधिकार रद्द झाला आणि मे महिन्यात नव्या तक्त्याच्या डिस्क आल्या. त्यांची प्रोसेसिंग की त्या डिस्क दुकानांत पोहोचण्याआधीच बाहेर फुटलेली होती.

७. किल्ली ‘रद्द’ होते म्हणतात. म्हणजे माझा प्लेअर एक दिवस अचानक बंद पडेल का?

कपाटातल्या जुन्या डिस्कपुरते तरी नाही. रद्द करण्याची नोंद ही प्लेअरमध्ये दुरून पाठवली जात नाही. ती नव्या डिस्कच्या तक्त्यात छापलेली असते. त्यामुळे वगळलेला प्लेअर नव्या डिस्क नाकारतो आणि जुन्या पूर्वीप्रमाणेच चालवतो. प्रत्यक्षात हा बडगा मुख्यतः संगणकावरील सॉफ्टवेअरवर उगारला गेला आहे, दिवाणखान्यातील यंत्रांवर नव्हे.

संगणकाच्या बाबतीत मात्र एक अपवाद आहे आणि तो अनेकांना चकवतो. संगणकातील ड्राइव्ह व्हॉल्यूम आयडी देण्यापूर्वी सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र तपासतो, आणि नवी डिस्क घातली की तिच्यावरील रद्द प्रमाणपत्रांची यादी ड्राइव्ह आपल्या कायम स्मृतीत उतरवून घेतो. त्यामुळे एखादी नवी डिस्क एकदा घालून पाहिल्यानंतर, कालपर्यंत चालणारी जुनी डिस्कही त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चालेनाशी होऊ शकते. डिस्क बाहेर काढून किंवा संगणक बंद-चालू करून हे जात नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीच घ्यावी लागते.

८. नवीन डिस्क घातली की प्लेअर नुसता फिरत राहतो, जुन्या डिस्क मात्र व्यवस्थित चालतात. डिस्क खराब आहे का?

बहुधा नाही. सर्वप्रथम प्लेअरचे फर्मवेअर, म्हणजे त्याचे अंगभूत सॉफ्टवेअर, अद्ययावत करून पाहावे, कारण नव्या तक्त्याची रचना, बीडी प्लसचा प्रोग्रॅम (प्रश्न ९) किंवा जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला मेनू यांपैकी काहीही जुन्या फर्मवेअरला अडवू शकते. इंटरनेटला न जोडलेल्या प्लेअरसाठी उत्पादक यूएसबीवरून अद्ययावत करण्याची सोय देतात. उत्पादकाने त्या मॉडेलकडे लक्ष देणेच सोडले असेल तर मात्र इलाज नाही. तो प्लेअर यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत असूनही नव्या डिस्कसाठी निकामी होतो, आणि माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत अन्यायकारक गोष्ट हीच आहे, कारण तिचा फटका प्रत काढणाऱ्याला बसत नाही, डिस्क विकत घेणाऱ्याला बसतो.

९. बीडी प्लस काय आहे? एएसीएसपेक्षा ती वेगळी कशी?

एएसीएस ही केवळ किल्ल्यांची साखळी आहे; बीडी प्लस हा डिस्कवर असलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे, जो प्लेअरमधील एका आभासी यंत्रात, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभ्या केलेल्या संगणकात, चालतो. क्रिप्टोग्राफी रिसर्च या कंपनीने ती तयार केली आणि २००७ च्या अखेरीस मॅक्रोव्हिजनने ती विकत घेतली. डिस्क चालू होताच हा प्रोग्रॅम प्लेअर अस्सल आहे का, त्याच्या स्मृतीत काही फेरफार आहे का, हे तपासतो. याहून चतुर भाग पुढे आहे: डिस्कवरील चित्रात ठिकठिकाणी मुद्दाम बिघाड केलेला असतो, आणि तो दुरुस्त करण्याचा तक्ता हा प्रोग्रॅमच प्लेअरला पुरवतो. एएसीएस उघडून नुसती प्रत काढली तर ती प्रत फाटक्या चित्राची निघते.

एका विश्लेषकाने २००७ मध्ये ही पद्धत १० वर्षे तरी टिकेल असे भाकीत केले होते. ऑक्टोबरमध्ये या पद्धतीच्या पहिल्या डिस्क आल्या आणि मार्च २००८ मध्ये त्यांची प्रत काढणारे सॉफ्टवेअर बाजारात मिळू लागले. दरम्यान, त्या पहिल्या डिस्क काही कंपन्यांच्या प्लेअरवर फर्मवेअर बदलेपर्यंत धड चालतही नव्हत्या. बीडी प्लसचा प्रोग्रॅम प्रत्येक डिस्कगणिक बदलता येतो, म्हणून काही काळ फोडणारे आणि बांधणारे यांची पाठशिवण चालली. पण पहिल्या फेरीत गिऱ्हाइकाचीच अडचण अधिक झाली हे मान्य करावे लागेल.

१०. रॉम मार्कविषयी वाचले. ती घरी प्रत काढण्यापासून रोखते का?

तिचा मूळ रोख घरगुती प्रतीवर नाही, तर बनावट डिस्क छापणाऱ्या कारखान्यांवर आहे. रॉम मार्क ही केवळ परवानाप्राप्त यंत्रावरच डिस्कमध्ये उमटवता येणारी खूण असून प्रश्न ४ मधील व्हॉल्यूम आयडी तिच्यातच दडवलेला असतो. डिस्कवरील प्रत्येक बिट तंतोतंत उतरवून काढला तरी ही खूण उतरत नाही, आणि तिच्याविना छापलेली बनावट डिस्क प्लेअर उघडत नाही. एचडी डीव्हीडीला अशी खूण नव्हती.

११. प्लेअर चालू आहे, आवाज येतो, पण टीव्हीवर चित्र नाही किंवा एचडीसीपीची चूक दाखवते. काय करू?

येथे डिस्क आणि प्लेअर राजी असून केबलच्या दुसऱ्या टोकाचे उपकरण अडले आहे. एचडीसीपी ही इंटेलने विकसित केलेली पद्धत एचडीएमआय केबलमधून जाणारे चित्र कूटबद्ध करते, आणि मार्गातील प्रत्येक उपकरणाने, म्हणजे टीव्हीबरोबरच मधल्या अ‍ॅम्प्लिफायरने आणि स्विचनेही, आपली ओळख पटवून द्यावी लागते. म्हणून आधी मधली सर्व उपकरणे काढून प्लेअर थेट टीव्हीला जोडून पाहावा. चित्र आले तर दोषी मधला कोणीतरी आहे. न आल्यास सर्व उपकरणे विजेपासून वेगळी करून आधी टीव्ही आणि मग प्लेअर सुरू करावा. ओळखीची देवाणघेवाण नव्याने होते आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. ४के डिस्कसाठी एचडीसीपी २.२ लागते. ती नसलेल्या पडद्यावर प्लेअर कमी रेझोल्यूशनचे चित्र पाठवतो किंवा काहीच पाठवत नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये एचडीसीपीच्या पहिल्या पिढीची मुख्य किल्लीच इंटरनेटवर प्रकट झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. पद्धत त्यानंतरही तशीच चालू राहिली, आणि आजही काळ्या पडद्याच्या तक्रारी बहुतेक तिच्यापाशीच येऊन थांबतात.

१२. माझा टीव्ही जुना आहे, त्याला एचडीएमआय नाही. तीन रंगांच्या कंपोनंट केबलने हाय-डेफिनिशन मिळेल का?

प्लेअर कोणत्या वर्षी बनला यावर ते अवलंबून आहे. एएसीएसच्या परवान्यानुसार २०१० च्या अखेरीनंतर बनलेल्या प्लेअरना अ‍ॅनालॉग जोडणीतून (कंपोनंट केबल ही त्यांतलीच) केवळ साध्या दर्जाचे चित्र देण्याची मुभा राहिली आणि २०१३ च्या अखेरीनंतर बनलेल्यांना तीही नाही. म्हणून नवा प्लेअर या टीव्हीला उपयोगी पडणार नाही.

त्याआधीचा प्लेअर पूर्ण दर्जाचे चित्र देऊ शकतो, पण डिस्कची परवानगी असेल तरच. डिस्कवर ‘इमेज कन्स्ट्रेंट टोकन’ ही खूण उमटवलेली असल्यास अ‍ॅनालॉग जोडणीतून जाणारे चित्र ९६० × ५४० पर्यंत उतरवले जाते, म्हणजे मूळ चित्राच्या चौथ्या हिश्शाइतकेच बिंदू उरतात. प्रमुख स्टुडिओंनी सुरुवातीच्या काळात ही खूण वापरण्याचे टाळले.

१३. परदेशातून आणलेली डिस्क चालेल का? रीजनचा घोळ काही कळत नाही.

ब्लू-रेचे जग तीन विभागांत वाटलेले आहे. ‘ए’मध्ये उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, तैवान आणि आग्नेय आशिया येतात, ‘बी’मध्ये युरोपचा बहुतांश भाग, आफ्रिका, पश्चिम आशिया, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड, आणि ‘सी’मध्ये भारतासह दक्षिण आशिया, मध्य आशिया, चीन व रशिया. हा विभाग वापरायचा की नाही हे प्रकाशकाने ठरवायचे असते, आणि सर्वत्र चालणाऱ्या डिस्कही पुष्कळ आहेत. एचडी डीव्हीडीवर विभागांची विभागणी प्रत्यक्षात आलीच नाही, आणि ४के ब्लू-रेवरही ती नाही.

अपवाद तीन. ४के डिस्कबरोबर त्याच डबीत येणाऱ्या साध्या ब्लू-रेवर विभाग असू शकतो. ब्लू-रे प्लेअरमध्ये डीव्हीडी चालवताना डीव्हीडीचा विभाग, जो क्रमांकांनी ओळखला जातो, वेगळा तपासला जातो. आणि विभागाची अट नसलेली डिस्कही अडू शकते: तिच्यावरील चित्र किंवा पुरवणी सामग्री सेकंदाला ५० अर्धचित्रांच्या (फील्ड) पद्धतीची असेल, तर केवळ ६० च्या पद्धतीसाठी बनलेले काही प्लेअर ती दाखवत नाहीत. येथे कुलुपाचा काहीही संबंध नाही, पण दोष नेहमी त्याच्याच माथी मारला जातो.

१४. चित्रपट वीसेक मिनिटे नीट चालला आणि मग आवाज बंद होऊन ‘सिनाव्हिया’चा संदेश आला. डिस्क तर नवीन होती!

सिनाव्हिया हे व्हेरन्स कंपनीचे तंत्र आहे. त्यात चित्रपटाच्या आवाजातच कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते. ती किल्ल्यांसारखी डिस्कवर वेगळी नसल्यामुळे फाइल बदलून, आवाज संक्षेपित करून, किंवा पडद्यासमोर मायक्रोफोन ठेवून रेकॉर्डिंग केले तरी ती टिकून राहते. फेब्रुवारी २०१२ पासून नव्या ब्लू-रे प्लेअरना ती ओळखणे बंधनकारक झाले. खूण असलेला आवाज एएसीएसचे संरक्षण नसलेल्या डिस्कवरून किंवा फाइलमधून येत आहे असे आढळले की प्लेअर आवाज बंद करतो आणि संदेश क्रमांक ३ दाखवतो. चित्रपटगृहात रेकॉर्ड केलेली प्रत असल्यास संदेश क्रमांक १ दाखवून चित्रपटच थांबवतो.

कारखान्यात छापलेल्या अस्सल डिस्कवर हा संदेश येऊ नये. आलाच तर पहिली शक्यता ही की डिस्क अस्सल नाही. वेष्टन फोडून ‘नवीन’ म्हणून हाती आलेल्या डिस्कची मागची बाजू पाहावी. घरगुती ड्राइव्हवर लिहिलेल्या डिस्कचा रंग छापील डिस्कपेक्षा बहुधा वेगळा दिसतो.

१५. आमच्या घरच्या समारंभाचे चित्रीकरण ब्लू-रेवर भरायचे आहे. त्याला एएसीएस लागते का?

कोऱ्या बीडी-आर किंवा बीडी-आरई डिस्कवर स्वतः लिहिणार असाल तर नाही. अशा डिस्क कूटबद्ध न करताही प्लेअर चालवतात. कारखान्यातून डिस्क छापून घ्यायच्या असतील तर मात्र ब्लू-रेच्या नियमांनुसार एएसीएस आणि तिचा परवाना आवश्यक ठरतो, मग निर्मात्याला कुलूप हवे असो वा नसो. एचडी डीव्हीडीवर ही गोष्ट ऐच्छिक होती. लहान निर्माते आणि हौशी चित्रपटकर्ते यांना हा फॉरमॅट हरल्याची हळहळ वाटली, त्याचे हे एक खरे कारण होते.

१६. मी पैसे देऊन घेतलेल्या डिस्कची एक प्रत स्वतःसाठी काढली तर त्यात गैर काय?

नैतिक उत्तर आणि कायदेशीर उत्तर येथे एकमेकांपासून फारकत घेतात. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप फोडणे हेच स्वतंत्रपणे बेकायदेशीर ठरवले आहे. प्रत कशासाठी काढली हा प्रश्न त्यानंतरचा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये खाजगी प्रतीला मुभा मिळाली होती, ती जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने रद्द केली, आणि ती अस्तित्वात असतानाही कुलूप फोडण्याची परवानगी तिच्यात नव्हतीच. इतरत्र तरतुदी वेगळ्या आहेत आणि त्या आपापल्या देशाच्या कायद्यातच पाहायला हव्यात.

एएसीएसच्या करारांत ‘मॅनेज्ड कॉपी’ नावाची एक सनदशीर वाट आखलेली होती: सर्व्हरकडून परवानगी घेऊन, लागल्यास शुल्क भरून, ग्राहकाने एक अधिकृत प्रत काढावी. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी २००५ मध्ये एचडी डीव्हीडीला पाठिंबा देताना या सोयीचा मोठा गाजावाजा केला होता. करार अंतिम होईपर्यंत २००९ उजाडले, तोवर एचडी डीव्हीडी संपलेली होती, आणि ब्लू-रेवर ही सोय देणारी यंत्रे बाजारात जवळजवळ दिसलीच नाहीत.

१७. माझ्याकडे अजून एचडी डीव्हीडी आहेत. त्या पाहण्याचा काही मार्ग?

जुना तोशिबा प्लेअर सापडला तर उत्तम. एक्सबॉक्स ३६० चा सुटा ड्राइव्ह यूएसबीवर चालतो आणि संगणकालाही जोडता येतो, परंतु एचडी डीव्हीडी ओळखणारे प्लेअर सॉफ्टवेअर जुनेच शोधावे लागते. डिस्कच्या एका बाजूला डीव्हीडी असलेली ‘कॉम्बो’ आवृत्ती असेल तर ती बाजू कोणत्याही डीव्हीडी प्लेअरमध्ये चालते, अर्थात साध्या दर्जात. वॉर्नरने २००९ मध्ये अमेरिकेत थोड्या शुल्कात एचडी डीव्हीडीच्या बदल्यात ब्लू-रे देण्याची योजना राबवली होती. ती कधीच संपली.

१८. संगणकात ४के ब्लू-रे ड्राइव्ह बसवला, सॉफ्टवेअरही अधिकृत घेतले, तरी डिस्क चालत नाही. संगणक तर अगदी नवा आहे.

नवा आहे, हेच कारण असू शकते. २०१६ मध्ये आलेल्या ४के ब्लू-रेवर एएसीएसची दुसरी पिढी आहे, आणि प्रश्न ६ मध्ये सांगितलेली मेमरीतील गळती पुन्हा होऊ नये म्हणून संगणकावर किल्ल्या केवळ प्रोसेसरच्या एका बंदिस्त कप्प्यातच उघडाव्यात अशी अट घातली गेली. हा कप्पा म्हणजे इंटेलचे एसजीएक्स तंत्र. त्यासाठी इंटेलचा सातव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, त्याच्यातच अंगभूत असलेले ग्राफिक्स आणि एचडीसीपी २.२ चा पडदा अशी जुळणी लागे. पुढे इंटेलने अकराव्या पिढीपासून घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमधून एसजीएक्स काढून टाकले. परिणामी या डिस्क अधिकृत मार्गाने चालवण्यासाठी सातव्या ते दहाव्या पिढीचाच संगणक लागतो, आणि त्यापेक्षा नवे यंत्र घेतले की चालणारी गोष्ट थांबते.

याला सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीने उपाय नाही. दिवाणखान्यातील स्वतंत्र ४के प्लेअरला ही अट लागू नाही, तेव्हा डिस्क पाहणे हाच हेतू असेल तर तो प्लेअर घ्यावा. साध्या ब्लू-रे डिस्कनाही एसजीएक्स लागत नाही. त्या त्याच ड्राइव्हमध्ये आणि त्याच नव्या संगणकावर चालल्या पाहिजेत. त्याही चालत नसतील तर प्रश्न ७ चा दुसरा परिच्छेद पाहावा.